वाघखारच्या येसूबाईचं पीठ

वाघखारात कुणाचं पीठ बिघडलं की ते येसूबाईच्या नाकाखाली जायचं. आणणारी बाई मागल्या दाराने यायची, पदराखाली टोपली झाकून. येसूबाई चुलीपुढून उठायची नाही. ती नुसता हात पुढे करायची, चिमूटभर पीठ तळहातावर घ्यायची, हुंगायची आणि तोंड असं करायची की समोरची अर्धी तिथेच मेली पाहिजे.

"कदी दलला?"

"झाला असंल महिना."

"गिरणीवर?"

"व्हय."

"आणि गरम गरमच डब्यात कोंबलास."

बाई टोपलीवर पुन्हा पदर ओढायची.

"कोंबड्यांना घाल," येसूबाई म्हणायची. "खाल्लान तर."

उरणच्या खाडीकाठी, पुढे मिठागरं आणि मागे टेकडी अशा जागेत वाघखार वसलं होतं. शे-सव्वाशे घरं, सगळी आगऱ्यांची. पावसाळ्यात खारजमिनीत भात, उन्हाळ्यात मीठ. या शे-सव्वाशे घरांतल्या बायांबद्दल येसूबाईचं मत एकच होतं आणि ते चांगलं नव्हतं. मीठ ओढायला यांना सांगा, मासळी सुकवायला सांगा, पण धान्याचा दाणा हातात आला की यांची अक्कल चरायला जाते, असं ती उघड बोलायची. पुरुषांबद्दल तिला काही मतच नव्हतं. दोन वेळा ताटात पडेल ते खाणाऱ्या आणि ते कुठून आलं हे कधी न विचारणाऱ्या प्राण्याबद्दल काय मत असणार?

आता सगळे तिला भिऊन असत. पण एक काळ असा होता की याच गावात तिला अळीवाली येसू म्हणत.

ते साल एकोणीसशे बावीस. येसू सतरा वर्षांची, लग्न होऊन दुसरं वर्ष चालू होतं. नवरा नामा करंज्याच्या हिरामण तांडेलाच्या गलबतावर नवाच खलाशी लागला होता. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला की मोरा बंदरातून मीठ भरून ही गलबतं मंगळूर, मलबारकडे निघायची. सफर दोन-तीन महिन्यांची. खलाशांनी घरून पीठ न्यायचं, ते एकत्र शिजायचं. नामाच्या वाट्याला नाचणीचं पीठ आलं, दोन डबे.

सासू तापाने अंथरुणाला खिळलेली. गौरी चार दिवसांवर आलेल्या आणि येसूला माहेरी जायचं होतं. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तिने नाचणी धुतली, चटईवर पसरली, हात लावून बघितली. ओलसर लागली. वाळेल जात्यात, असं म्हणून तिने ती तशीच दळायला घेतली. दिवसभर दळून पीठ रॉकेलच्या दोन डब्यांत दाबून दाबून भरलं, झाकण घट्ट लावलं आणि दुसऱ्या सकाळी माहेरची वाट धरली. डोक्यात गौरीच्या फुलांपलीकडे काहीही नव्हतं.

गलबत मालवणच्या पुढे गेल्यावर भंडाऱ्याने, म्हणजे गलबतावरच्या स्वयंपाक्याने, डबा उघडला. पिठाचे गोळे झाले होते, वर हिरवी बुरशी, आत अळ्यांची जाळी. दुसरा डबा उघडला, तोही तसाच. हिरामण तांडेलाने दोन्ही डबे सगळ्यांसमोर समुद्रात ओतले आणि म्हणाला, "नाम्या, तुज्या बायकोनी मावऱ्याला चारा धाडलाय."

गलबत परत यायच्या आधीच ही गोष्ट दुसऱ्या एका गलबताबरोबर मोऱ्याला पोहोचली आणि तिथून वाघखारात. विहिरीवर येसू आली की बाया घागरी बाजूला घ्यायच्या, म्हणायच्या, "जपून ग, अळी पडंल." नामा परतला तो हाडांचा सापळा होऊन. त्याने येसूपाशी एक शब्दही काढला नाही. पण पुन्हा कधी गलबतावर गेला नाही. फावडं घेऊन मिठागरात मजुरीला लागला.

येसूने एकदाच विचारलं, "आता जायचं न्हाय का?"

"हितंच बरा हाय," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

येसूला त्या तीन शब्दांत सगळं ऐकू आलं. बायकोमुळे चारचौघांत तोंड काळं झालं आणि आता हा माणूस जन्मभर चिखल तुडवणार. तो बोलत नाही म्हणजे मनातून थुंकतोय, असं तिने धरून घेतलं. तो दिवसातून दोनदा तिच्या हातची भाकरी खायचा आणि प्रत्येक घासाला तिला वाटायचं की हा आत अळी शोधतोय.

अशी काही वर्षं गेली. उन्हाळ्यात गावच्या बाया डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन टेकडीवरच्या ठाकरांच्या वाड्यांवर जायच्या आणि मिठाच्या बदली नाचणी-वरी घेऊन उतरायच्या. येसूही जायची. तिथे जनी नावाची एक म्हातारी होती. दात नव्हते, पण जीभ शाबूत होती. येसूने तिच्या घरी कणगी बघितली. कारवीच्या काठ्यांची, आतून-बाहेरून शेणाने लिंपलेली, आणि वर चाळलेल्या राखेचा चार बोटं थर.

"किती दिसांची हाय ही नाचणी?" येसूने विचारलं.

"तीन पावसाळे झालं."

"खोटं."

जनीने राख बाजूला सारून मूठभर दाणे काढले आणि तिच्या ओंजळीत टाकले. लाल, खणखणीत, कोरडे. एकाही दाण्याला भोक नव्हतं. येसूने एक दाणा दाताखाली धरला. कट्ट असा आवाज आला.

"तुमी मीठवाली मानसं," जनी म्हणाली. "तुमच्या अंगातच ओल. तुमच्या घरात दाना टिकंल कसा?"

येसूला राग आला, पण ती उठून गेली नाही. ही उघडी म्हातारी, कमरेला एक लुगड्याचा तुकडा, आपल्याला हसते आणि हसायचा तिला हक्कही आहे. ही गोष्ट तिला जास्त लागली. तिने मिठाची आख्खी पाटी जनीपुढे ओतली आणि बदली नाचणी मागितली नाही. म्हणाली, "कसा करतेस ता सांग."

जनीने सांगितलं ते फार नव्हतं. कणसं कापली की लगेच झोडायची नाहीत, चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायची. दाणा दाताखाली वाजेपर्यंत कणगीत घालायचा नाही. सोबत निरगुडीचा पाला टाकायचा. राख चाळून, थंड करून, मग वर पसरायची. पीठ हवं असेल तेव्हा दाणा खापरात भाजायचा, वास सुटेपर्यंत, पण रंग बदलायच्या आत उतरायचा. "आनि मंग थांबायचं," जनी म्हणाली. "भाजल्या दान्याला घाम येतो. तो जाऊ द्यायचा. तुमाला थांबायला येत न्हाय."

येसू खाली आली आणि सात मडकी विकत आणली. जनीवर तिचा पुरता विश्वास नव्हताच. एकात भाजलेल्या दाण्याचं पीठ, एकात न भाजलेल्याचं, एकात गरम भरलेलं, एकात दिवसभर पसरून गार केलेलं, एकात निरगुडीचा पाला घातलेलं, असं तिने भरलं. कशात काय आहे ते कळावं म्हणून बाहेरून चुन्याचे ठिपके दिले. दर अमावास्येला ती सगळी उघडायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची, पुन्हा तोंड बांधायची. सासू तोवर बरी झाली होती. ती शेजारणीला सांगायची की सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय, मडक्यांशी बोलते.

पहिल्या पावसाळ्यात सातांपैकी पाच मडकी गेली. न भाजलेलं तर श्रावणातच गेलं. गरम भरलेल्याला आतून पाणी सुटलं, झाकणावर थेंब दिसले आणि मग बुरशी. पाल्याने काही झालं नाही, फक्त भाकरीला औषधाचा वास आला. टिकली ती दोनच. दोन्हींत भाजलेला दाणा, दिवसभर पसरून गार केलेलं पीठ, आणि दोन्ही मडकी भरायच्या आधी चुलीशेजारी दोन दिवस तापवून कोरडी केलेली. कार्तिकातल्या अमावास्येलाही त्यांतलं पीठ गोडच होतं.

येसू मुद्दाम टेकडी चढून जनीला सांगायला गेली की पाला पिठात घालून उपयोग नाही.

"पिठात कोन घालतं?" जनी म्हणाली. "पाला दान्यात घालतात. आनि पीठ ठेवायचं कशाला मी म्हनते? रोज दळावं, रोज खावं. पीठ साठवनारी मानसं आळशी."

एवढं चढून येऊन हे ऐकावं लागलं. पण येसू परतताना बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा हसली. आपल्यापेक्षा मोठा तुच्छतेचा साठा कुणापाशी तरी आहे, हे कळून तिला बरं वाटलं असावं.

तिचं पीठ गावात कुणी घेतलं नाही. अळीवालीचं पीठ कोण घेणार? म्हणून ती ते मोऱ्याला घेऊन गेली. बंदरावर तिला कुणी ओळखत नव्हतं. एका गलबतवाल्याने गंमत म्हणून ठिपक्यांची दोन मडकी नेली आणि तीन महिन्यांनी परत आल्यावर सहा मागितली. बदली सुकट दिली, नारळ दिले, मलबारची मिरी दिली. पुढल्या हंगामात चार गलबतं झाली. मग वाघखारच्या बायांना जाग आली. येसूची येसूबाई झाली, ती अशी. ज्या विहिरीवर घागरी बाजूला घ्यायच्या त्याच आता 'येसूबाय, जरा बघ ना' म्हणत मागल्या दारी यायला लागल्या. येसूबाईने त्यांचं पीठ बघायला कधी नाही म्हटलं नाही. त्यांना बोल लावायची संधी ती कशी सोडेल?

एकोणीसशे तीस सालच्या सुमारास उरणात दयारामची पिठाची गिरणी आली. इंजिनाचा फुकफुक आवाज, पट्टा फिरतोय, आणि अर्धी पायली दळायला जिथे सकाळ जायची तिथे गोणभर पीठ बोलता बोलता तयार. बायांनी जाती कोपऱ्यात लावली. यात येसूबाईला काही वाईट वाटलं नाही. तिचेही हात दुखत. पण जात्यावर रोजचं रोज दळलं जायचं, आणि आता महिन्याचं, दोन महिन्यांचं पीठ एकदम यायला लागलं, तेही हात भाजेल इतकं गरम, आणि या बाया ते तसंच डब्यात ओतून झाकण लावून मोकळ्या. त्या पावसाळ्यात वाघखारात एकही घर असं नव्हतं जिथे पिठात टोके किडे झाले नाहीत.

"गिरणीत खोट हाय," बाया म्हणाल्या.

"गिरणीत काय खोट?" येसूबाई म्हणाली. "गिरणी बिचारी सांगेल ता करते. तिला डोका न्हाय. तुमाला तरी कुठं हाय?"

दयारामला मात्र डोकं होतं. गिरणीवर येणाऱ्या खलाशांकडून त्याने येसूबाईच्या पिठाचं नाव ऐकलं होतं. तो तिच्याकडे कधी आला नाही. त्याने कुंभाराकडून तसलीच मडकी आणवली, त्यांवर चुन्याचे तसलेच ठिपके दिले आणि मोऱ्याला माणूस बसवून 'येसूबाईचं पीठ' म्हणून विकायला सुरुवात केली. येसूबाईला हे कळायला एक हंगाम गेला, कारण बंदरावर ती वर्षातून दोनदाच जायची.

कळलं ते एकोणीसशे तेहेतीसच्या पौषात. सकाळची उन्हं ओट्यावर आली होती. नामा दारातच बसून फावड्याचा दांडा बसवत होता. येसूबाई सुपात नाचणी पाखडत होती. गल्लीतून चार माणसं आली. सगळ्यांत पुढे एक पिकल्या मिशांचा, जाड मनगटांचा म्हातारा. त्याच्या हातात मडकं होतं. ते त्याने ओट्यावर आपटलं, फुटलं नाही एवढंच.

"येसूबाय तूच का?"

तिने त्याला ओळखलं. अकरा वर्षं झाली होती, पण बावीस साली मोऱ्याच्या धक्क्यावर तिने हिरामण तांडेलाला दुरून बघितलं होतं आणि तेव्हापासून हा चेहरा रोज तिच्या डोक्यात फिरत होता.

"मीच. काय झाला?"

"ह्या पिठाची भाकर कुत्रा खाईना. कडू जहर. आठ माणसांनी पंधरा दिस नुसत्या भातावर काढले. लोकं तुजा नाव घेतात म्हून घेतला, बाय. अशी फसवतेस?"

शेजारपाजारचे जमायला लागले. येसूबाईने सूप खाली ठेवलं. तिने मडक्यात हात घातला, पीठ तळहातावर घेतलं, हुंगलं, उन्हात धरलं.

"इकडं बघा," ती म्हणाली. "नाचणीचा पीठ लाल असतं. ह्ये राखेसारखा दिसतं. ह्यात निम्मी बाजरी हाय. बाजरीचा पीठ आठ-पंधरा दिसात कडू होतं. त्याला मी काय करू? मी जन्मात बाजरीला हात लावला न्हाय."

"मडका तुजा हाय."

"मडका कुंभाराचा हाय."

ती आत गेली आणि माळ्यावरचं मडकं घेऊन आली. वैशाखात भरलेलं, आठ महिने झालेलं. सगळ्यांसमोर तोंडावरचं फडकं सोडलं आणि मडकं हिरामणच्या पुढे सरकवलं. त्याने बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, आणि पुन्हा बुडवलं. येसूबाई चुलीकडे वळली. पाणी तापवून उकड काढली, चार भाकऱ्या थापल्या, सोबत सुक्या बोंबलाची चटणी दिली. तांडेल आणि त्याची माणसं ओट्यावर बसून जेवली. जमलेले लोक घासामागून घास मोजत असल्यासारखे बघत होते.

हिरामणने हात धुतले. "चुकलो, बाय," तो म्हणाला. "पीठ भारी हाय तुजा. पुढल्या हंगामाला दहा मडकी लागतील. देशील?"

हीच ती वेळ होती. अकरा वर्षं येसूबाईने या वाक्याला उत्तर तयार ठेवलं होतं. त्याचे शब्दन्‌शब्द ठरलेले होते.

"तुमी माजा पीठ एकदा समुद्रात ओतलाय," ती म्हणाली. "बावीस साली. मालवणच्या पुढं. माज्या नवऱ्याला सगळ्यांच्या समोर बोललात, तुज्या बायकोनी मावऱ्याला चारा धाडलाय. आठवतंय का?"

हिरामणने डोकं खाजवलं. त्याने खरोखरच आठवायचा प्रयत्न केला.

"मी?" तो म्हणाला. "असंल. दरसाल कुणाचा ना कुणाचा तरी ओततोच की. कोन तुजा नवरा?"

"नामा."

"कोन नामा?"

नामा दारात बसलेलाच होता. त्याने फावड्यावरून मान वर केली. "मी," तो म्हणाला. "एकच सफर केली तुमच्यासंगं."

हिरामणने त्याच्याकडे निरखून बघितलं आणि मग त्याचा चेहरा उजळला. "तू? तो ओकनारा? मोऱ्यापासून ओकाया लागला तो कालिकतपर्यंत ओकत होता. पिठाचा मना काय ध्यानात न्हाय, पर तू आठवतोस. माज्या उभ्या जल्मात एवढा ओकनारा मानूस मी बघला न्हाय."

लोक हसले. नामाही हसला, अगदी मोकळेपणाने, जणू कुणी त्याची तारीफ केली.

"मना दर्या लागायचा," तो म्हणाला. "परत गलबतावर पाय ठेवायचा न्हाय हे मी रत्नागिरी यायच्या आधीच ठरवला होता. पर बा ऐकला नसता. मंग ते पिठाचा झाला. मी म्हटला, बरा झाला. बाला सांगितला, आता तोंड दाखवायला जागा न्हाय, मी काय जात न्हाय. सुटलो."

येसूबाईच्या हातात रिकामी परात होती. ती तिने खाली ठेवली. कुणी काय बोललं, हिरामण कधी उठला, दहा मडकी नारळी पौर्णिमेनंतर न्यायचं ठरलं ते कुणी ठरवलं, हे तिला नंतर नीट सांगता आलं नाही. ज्याने अपमान केला त्याच्या तो लक्षात नाही. ज्याचा झाला असं वाटत होतं त्याला त्याची सोय झाली. म्हणजे अकरा वर्षं ती एकटीच त्या डब्यांपाशी उभी होती.

चार दिवस ती नामाशी बोलली नाही. तो काही वेगळं झालंय असं न समजता मिठागरात जात-येत राहिला. पाचव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मना सांगायचा होता."

"तू इचारलास कुठं?"

"इचारला होता. आता जायचं न्हाय का, म्हून."

"मंग मी सांगितला की. हितंच बरा हाय."

येसूबाईने त्याच्याकडे बघितलं. केवढा साधा माणूस, आणि केवढा मठ्ठ. तिला त्याची कीव नाही आली, रागही फार नाही आला. नामाबद्दल आपल्याला जे वाटायचं ते भय होतं, आणि आता त्या जागी बाकी पुरुषांबद्दल वाटतं तेच वाटतंय, हे तिच्या लक्षात आलं. त्यात एक प्रकारची स्वस्थता होती. स्वतःबद्दल तिला काय वाटलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. मडकी मात्र तिने माळ्यावरून काढली नाहीत.

त्याच आठवड्यात ती उरणला गेली, दयारामच्या गिरणीवर. दळणाला बायांची रांग होती. ती थेट आत शिरली आणि पट्ट्याजवळच्या पेटीत हात घालून मूठभर पीठ काढलं. रांगेतल्या पहिल्या बाईच्या हातावर ठेवलं.

"गरम लागतंय?"

"व्हय."

"असा डब्यात घातलास तर काय होईल?"

दयाराम गल्ल्यावरून उठून आला. "येसूबेन, आवो, बसा ने. काय काम?"

"तुमी माजा नाव लावून बाजरी विकताय."

दयारामने हात जोडले, हसला, म्हणाला की नोकराची चूक झाली, म्हणाला की काठेवाडची बाजरी गलबताने स्वस्त येते, म्हणाला की बाजरीचं पीठ कडू होणं हा बाजरीचा स्वभाव आहे, त्याला तो काय करणार. एवढं सगळं तो एका दमात बोलला आणि त्यातलं शेवटचंच येसूबाईने ऐकलं.

"स्वभाव?" ती म्हणाली. "कुनी बघितलाय बाजरीचा स्वभाव?"

रांगेतल्या बाया ऐकत होत्या, म्हणून दयाराम घाईत होता. तिने दोन गोष्टी मागितल्या. ठिपक्यांची मडकी आजपासून बंद, आणि एक गोण बाजरी. शिवाय गिरणीच्या ओसरीवर चटया टाकायच्या, म्हणजे दळण झालं की बायांना पीठ पसरून गार करता येईल. दयारामने तिन्ही कबूल केल्या. दोन मागून तिसरी कशी आली, हे कोडं त्याला नंतर पडलं असेल.

बाजरीची गोण घरी आली आणि येसूबाईने नवी मडकी आणली. या धान्याबद्दल तिला पहिल्या दिवसापासून घृणा होती. नाचणी कशी शहाणी, वर्षानुवर्षं गप्प बसेल. ही बाजरी दळली की आतून आपोआप सडायला लागते, बाहेरच्या अळीचीही वाट बघत नाही. आत तेल आहे हिच्या, हे तिला बोटांवरूनच कळलं. भाजून बघितली. पीठ पंधरा दिवसांऐवजी महिनाभर टिकलं, त्यापुढे तोच कडवटपणा. जास्त भाजली तर टिकली, पण भाकरी कोळशासारखी लागली. राख, उन्हं, धूर, सगळं करून बघितलं. नामाने प्रत्येक भाकरी खाल्ली आणि कडू लागली की कडू म्हणाला. या कामाला तो बरा होता.

युक्ती सुचली ती कोळंबीवरून. शेजारीण काशी कोळंबी सुकवायच्या आधी उकळत्या पाण्यात एक बुचकळा देऊन काढायची. येसूबाईने विचारलं, "का?" काशी म्हणाली, "तशीच सुकवली तर वास मारते. आई करायची म्हून करते." यापेक्षा जास्त तिला माहीत नव्हतं, आणि वीस वर्षं करून माहीत नव्हतं, याबद्दल येसूबाईने तिला दोन शब्द ऐकवले. मग घरी येऊन बाजरी सैल फडक्यात बांधली, खळखळत्या पाण्यात सोडली आणि लगेच वर काढली. पहिल्या वेळी फार ठेवली, दाणे फुगून चिकट झाले, कोंबड्यांपुढे गेले. दुसऱ्या वेळी फार कमी ठेवली. तिसऱ्या खेपेला वीस आकडे मोजून काढली, दोन दिवस कडक उन्हात वाळवली, दाताखाली वाजली तेव्हा दळली, गार केली, भरली.

महिना झाला. पीठ गोड होतं. दीड महिना झाला. दोन महिन्यांनी तिने मडकं उघडलं तेव्हा चैत्र संपत आला होता. तिने पीठ हुंगलं, जिभेवर ठेवलं, बराच वेळ तोंडात घोळवलं. मग काशीला हाक मारून तिच्याही तळहातावर दिलं. काशी म्हणाली, "चांगला लागतं."

"चांगला म्हंजे काय?"

"कडू न्हाय."

येसूबाईला तेवढं पुरलं.

पुढल्या हंगामात हिरामणच्या गलबतावर दहा मडकी नाचणीची आणि दोन बाजरीची गेली. त्यानंतर दयारामने आपल्या बाजरीला उकळत्या पाण्याचा बुचकळा द्यायला सुरुवात केली आणि ही आपल्या आजोबांची काठेवाडातली रीत आहे असं गिऱ्हाइकांना सांगू लागला. येसूबाईच्या कानावर ते आलं. ती भांडायला गेली नाही. ज्याला वीस आकडे धड मोजता येत नाहीत, ज्याची निम्मी बाजरी अजून चिकट होते, त्याच्याशी काय भांडायचं, असं ती म्हणाली.

एकोणीसशे त्रेचाळीसमध्ये तिच्या मुलाचं लग्न झालं आणि घरी सून आली, नलू. पहिल्याच आठवड्यात येसूबाईने तिला खापरापुढे बसवलं. नलूने नाचणी भाजली, उतरवली, चटईवर पसरली आणि मग हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. येसूबाईने विचारलं, "आता काय बघतेस?"

"घाम जाऊ दे म्हटला," नलू म्हणाली. "घाई काय हाय?"

येसूबाईला चूक सापडली नाही. तिने खापर उलटंसुलटं करून बघितलं, दाणे चिवडले, एक चावला. मग म्हणाली, "बसायचाच हाय तर कोळंबी तरी निवड," आणि कोळंबीची टोपली नलूच्या पुढे सरकवून ती अंगणात गेली.